मॅडमच्या जागी बसलेली फरहत

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

मागच्या डिसेंबरात, कुवेतच्या रुमैथिया भागातल्या एका बंगल्यात हे माझ्या मोठ्या बहिणीसोबत घडलं. मी तिथंच होतो; त्या घरचा ड्रायव्हर आहे मी.

फरहतआपा मिरकाबच्या शिंपीबाजारात बायकांचे कपडे शिवते. दुकान त्या बंगल्याच्या मालकिणीचं, मॅडमचं; व्हिसाही मॅडमच्याच हातात. नाही म्हणायची सोय नाही.

मॅडमच्या दिवाणखान्यात एक जुनं चित्र आहे. सतराव्या शतकात लंडनला एका डच चित्रकारानं काढलेलं. निळ्या सॅटिनच्या झग्यातली गोरी बाई. मॅडमला स्वतःचं तसंच चित्र हवं होतं. आपानं झगा शिवला. गळ्याला मॅडमनं लिलावातून आणलेली, त्याच काळातली लेस लावली.

पण तासन्‌तास बसायला मॅडमला वेळ कुठला?

बसवलं आपाला.

"तेव्हाही कधीकधी असंच चालायचं," चित्रकार तुळशीदास मला म्हणाला. "बाईसाहेब चेहरा देऊन निघून जायच्या. मग त्यांचे कपडे घालून मोलकरीण बसायची. हात तिचे, खांदे तिचे. नाव बाईसाहेबांचं."

ऐकूनच माझं डोकं फिरलं.

आपा जराही हलत नव्हती. तरी सॅटिन सळसळत होतं...

तिच्या पाठीमागून.

मागे फक्त भिंत होती.

तुळशीदासनं फोटो बघून मॅडमचा चेहरा रंगवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर... चेहराच नाही.

खरवडलेला नाही. पुसलेला नाही. कोरं कापड.

पुन्हा रंगवला. पुन्हा कोरा.

मॅडम आपावरच खेकसली. तूच पुसतेस, व्हिसा कॅन्सल करीन म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

वैतागून तुळशीदासनं तिथं आपाचाच चेहरा काढला. "बघू तरी, कापड रंग धरतंय का."

धरला.

सकाळी चेहरा जागेवर होता. मॅडमनं नाक मुरडून चित्र अडगळीत टाकलं आणि आपाला कामावर परत पाठवलं.

"सुटले रे ओवैस," आपा म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं रत्नागिरीला अम्मीला व्हिडिओ कॉल लावला.

अम्मीनं फोन डोळ्यांजवळ नेला...

"तू कोन गो? माझ्या फरहतला दे फोन."

मी फोन घेतला. "अम्मी, फरहतच आहे ती."

"आवाज तिचाच हाय. पन ही बाय कोन?"

मला आपा होती तशीच दिसते. अम्मीला नाही.

मोलकरीणबाई, ती लेस गळ्यात घालून तेव्हा तूच बसली असशील. तुझ्यावर अन्याय झाला, कबूल. पण राग मालकिणींवर होता ना तुझा? मग गरिबाच्या पोरीचा चेहरा का नेलास? मॅडम तर आरशासमोर मजेत लिपस्टिक लावते आहे.

मी चित्र जाळायलाच निघालो होतो. तुळशीदासनं हात धरला.

"जाळलंस, तर आत अडकलेल्या तुझ्या आपाच्या चेहऱ्याचं काय?"

आता आपा फक्त आवाजाचा कॉल करते. अम्मी रोज म्हणते, "व्हिडिओ लाव गो, पोरीचं तोंड तरी बघूं दे."

नेट चालत नाही, असं आपा सांगते.