गार नडगी

रोज दुपारी भांडी आवरली की ती खुर्चीत बसायची आणि दोन्ही नडग्यांवर एकेक तळहात ठेवायची. उजव्या नडगीत परक्या बाईचं हाड होतं. बाळंतपणानंतर तिथे गाठ निघाली. ती कापली आणि त्या जागी कुणा मेलेल्या बाईचं दान आलेलं हाड खिळ्यांनी बसवलं. "रोज चाचपून बघा," डॉक्टरांनी बजावलं होतं. "उजवा पाय डाव्यापेक्षा गरम लागला, सुजला, लाल झाला, तर लगेच या."

गरम कधीच लागला नाही. गार लागायचा. गारव्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, आणि शिकल्यासवरल्या बाईनं असलं विचारायचं कसं?

"झाले का पायाचे लाड?" नणंद दारातून म्हणाली. ती पोरीला सांभाळायला आली होती. वहिनीला नावं ठेवायचं काम तिनं जोडीला अंगावर घेतलं होतं. "पोर रडून निळी पडली आणि ही बसलीय नडगी कुरवाळत!"

"द्या ना ताई, मी घेते."

"घे बाई. राहील तुझ्याकडे तर शपथ."

लेक वर्षाची होऊन गेली होती, अजून एक शब्द बोलत नव्हती. 'आई' म्हणाली की आपण खरोखरच आई झालो, असं हिनं उगाचच मनाशी धरलं होतं. तोवर सगळं तात्पुरतं.

डाव्या मांडीवर पोर किंचाळत राहिली. उजवीवर सरकवली, तशी उजवी टाच आपसूक उचलली गेली. दोनदा सावकाश... जरा थांबून... मग एकदा. बंद कपाट उघडल्यासारखा वास आला. पोर गप्प.

"पायाला कळतं गं," नणंद हसली. "तुला काही कळेना."

खरंच होतं ते. टाचेत माया होती, पण ती पोरीपुरती. हिच्या वाट्याला निव्वळ तुच्छता. जाणत्या बाईनं नवखीच्या हातून पोर काढून घ्यावं आणि वर तिच्याकडे बघूही नये, तशी.

पुढच्या तपासणीला तिनं धीर केला. "डॉक्टर, पाय आपोआप हलतो. बाळ रडलं की... तेव्हाच."

डॉक्टरांनी एक्स-रेवरून नजर काढली नाही. "चहा कमी करा."

"पण तो झोपवतो तिला..."

आता ते हसले. असल्या बायकांसाठी राखून ठेवलेलं हसू. "अहो, निर्जीव हाड ते! नुसता आधार. तुमचं हाड हळूहळू त्यात शिरतंय. हे बघा, कुठं कोण संपतं ते मलाही सांगता येणार नाही."

"म्हणजे... मिसळलं?"

"झकास मिसळलंय."

ती घरी आली ती खुशीतच. म्हणजे आपण त्या बाईला हळूहळू खाऊन टाकतोय तर! वा!

संध्याकाळी दिवे लागायच्या आत पोरीनं भोकाड पसरलं. नणंद स्वयंपाकघरात होती. हिनं पोरीला मुद्दाम डाव्या मांडीवर घेतलं, आपल्या स्वतःच्या, आणि उजवा गुडघा हातानं दाबून धरला. "बस आता तू," ती दातओठ खात पुटपुटली. "माझी लेक आहे. मी झोपवीन."

उजवा पाय हलला नाही. अगदी शहाण्यासारखा बसला.

मग डावी टाच उचलली गेली.

तिनं उचलली नव्हती. दोनदा सावकाश... जरा थांबून... मग एकदा. खोलीत तोच बंद कपाटाचा वास. पोरीचं रडणं मध्येच तुटलं. तिनं मान वाकवली, आईच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही न बघता गुडघ्याच्या खाली पाहिलं, ओळखीचं हसली आणि स्वच्छ म्हणाली,

"आई."

"बोलली!" आतून नणंद ओरडली. "अगं वहिनी, आई म्हणाली तुला! सुटलीस बाई एकदाची!"

तिनं दोन्ही नडग्यांवर तळहात ठेवले. डॉक्टर खूश झाले असते. आता दोन्हींत काडीचाही फरक नव्हता.

दोन्ही गार.