राणी शिंकली तर

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चिलेशे वारुळावर चढून डोक्यावर अँटेना फिरवत होती, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "टीव्ही लागतोय का?"

तिने वळून पाहिलं. एक तरुण सायकलवरून पाय टेकून उभा होता. हाताला ग्रीस, डोळ्यांत कुतूहल.

"रानकुत्र्यांची राणी ऐकतेय," ती म्हणाली. "तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा आहे. टिक... टिक... असं सावकाश वाजलं म्हणजे हिंडतेय. बराच वेळ हलली नाही, की दुप्पट वेगाने वाजतं."

"म्हणजे मेली?"

"बहुतेक. तू कोण?"

"मसाउत्सो जेरे. सायकली दुरुस्त करतो."

"जेरे, म्हणजे न्गोनी. आणि मसाउत्सो म्हणजे कटकट. आईने बरोबर ओळखलं होतं. उंदीर खाऊन निघालास का?"

"बेंबा दिसतेस," तो खूश होऊन म्हणाला. "माकडं संपली वाटतं, म्हणून कुत्र्यांच्या मागे."

लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींची माणसं भेटली की हे चालायचंच. ही थट्टेची सोयरीक. मयताच्या घरीही कोणी रागवत नाही. न्गोनी पुरुष बेंबा बाईला बेधडक 'बायको' म्हणतो, आणि त्याला काही अर्थ नसतो.

पाच आठवड्यांत मसाउत्सोने चिलेशेला सात वेळा बायको म्हटलं. ती मोजत होती. का मोजतेय, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

तो रोज नवा प्रश्न घेऊन यायचा. पट्ट्यावर हे लोखंडी खिळे कशाला? चोरट्या शिकाऱ्यांच्या फासाची तार गळ्यात न रुतता खिळ्यांत अडकावी म्हणून. आणि शिकारीला निघायचं, हे कळप ठरवतो कसं?

"शिंकून."

"थट्टा करू नकोस."

"खरंच. निघावंसं वाटलं की कुत्रं शिंकतं. पुरेशा शिंका झाल्या की सगळे उठतात. राणी शिंकली तर दोन-तीन पुरतात. साध्या कुत्र्याला दहाएक लागतात."

त्यानंतर चहाला जायचं असलं की मसाउत्सो दहा वेळा शिंकायचा.

अकरा जूनला सकाळी सात वाजता टिकटिक दुप्पट वेगाने वाजू लागली. राणीची पिल्लं तीन आठवड्यांची होती, अजून दुधावर. दोघं तासभर चालले.

मोपानीच्या झाडाखाली नुसता पट्टा पडला होता. खिळ्यांत तार गुंतलेली.

"मोटरसायकलच्या क्लचची," तो हळूच म्हणाला.

"आणि हे दात तिच्या कळपाचे. तार पट्ट्यात अडकली, तशी त्यांनी पट्टाच कुरतडला..." तिने वाळू पाहिली. एकाच कुत्र्याचे ठसे झाडाच्या बुंध्यापासून निघून बाकीच्यांत मिसळले होते. रक्त नव्हतं. "सुटली ती," चिलेशे म्हणाली.

"लग्न करशील माझ्याशी?" मसाउत्सो म्हणाला.

"आठ झाले."

"मोजतेस?"

ती म्हणाली, "तुझ्या तोंडचं खरं ओळखायचं कसं?"

"तूच सांग. मला तुझ्याशी दुसऱ्या रीतीने बोलता येत नाही."

"वर मपिका गावी माझ्या मावशीकडे मागणी घालायला कुणी म्हातारा मध्यस्थ पाठव. थट्टेसाठी कोणी म्हाताऱ्याला घाट चढायला लावत नाही."

नऊ दिवसांनी, संध्याकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी, तिचा फोन थरथरला. ती आणि मसाउत्सो गाडीत बसून कोरड्या ओढ्यापलीकडे पाहत होते.

"चिलेशे, एक म्हातारा झाकलेली बशी घेऊन बसलाय," मावशी म्हणाली. "न्गोनी आहे. मी हसून हसून दमले, पण तो हसतच नाही गं. त्याची बस पावणेसहाला. बशी उघडली तर होकार, तशीच परत दिली तर नकार. काय करू?"

"थांब मावशी..." चिलेशे कुजबुजली.

ओढ्यापलीकडे तेरा कुत्री पहुडली होती. मधोमध राणी. गळा मोकळा, एका बाजूचे केस घासून गेलेले, बाकी धडधाकट. एक कुत्रं शिंकलं. मग दुसरं.

शेजारी मसाउत्सो शिंकला. एकदा, दोनदा... अगदी हलकेच, पूर्ण दहा वेळा. मग समोर बघत बसला.

राणी शिंकली. कळप उठला आणि झाडीत शिरला.

पाच वाजून सव्वीस मिनिटांनी, फोन कानाला धरूनच, चिलेशे शिंकली.

"सर्दी झालीय का तुला?" मावशीने विचारलं.

ती शिंक धुळीची होती की होकाराचं मत, हे अजून स्पष्ट झालेलं नाही. मपिकात बशी झाकलेलीच होती. बस सुटायला एकोणीस मिनिटं होती.