जेवणाच्या सुट्टीत उघडणारं खातं

"दोन सकाळी, एक निजताना, विसरू नका हो बाई, दुखणं पळे पाठमोरं, त्याला आणा थोडी घाई..."

आजोबांचा हा आवाज ताईने चार वर्षांची असताना ऐकला होता. दवाखान्याच्या औषधखिडकीत बसून ते प्रत्येक पुडीमागे अशी एखादी ओळ जोडत, आणि रांगेतली कण्हणारी माणसं घटकाभर हसत. दोन वर्षांपूर्वी आजोबा निवृत्त झाले. गेले आठ दिवस तर ते धड बोलतही नव्हते. विचारलं की घसा बसलाय म्हणत.

त्यांची लेक, म्हणजे ताईची आई, त्याच दवाखान्यातल्या कॉम्प्युटरांची राखण करायची. आठ दिवसांपूर्वी कुणीतरी बाहेरून आत शिरून चाळीस रुग्णांचे कागद उचलले होते. चोरवाट सापडत नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवारची मुदत दिली होती. नाहीतर आईच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार होतं. सुट्टीतला तळ्यावरचा मुक्काम बारगळला तो असा.

"मग आपणच जाऊ तिच्याबरोबर," ताई म्हणाली. धाकटा भाऊ बोका आणि सुट्टीला आलेला मावसभाऊ चष्मा लगेच तयार झाले. आई नको म्हणायलाही दमली होती.

कॉम्प्युटरची खोली थंडगार होती. यंत्रं एकसुरी घुमत होती आणि टेबलावर चहाचे सहा कप वाळून गेले होते. आईने मुलांपुढे कागदांची चळत ठेवली. कुणाचीही नावं नव्हती, फक्त कुठलं खातं किती वाजता उघडलं, एवढंच. कामाच्या वेळेतल्या ओळींवर हिरवी रेघ, अवेळीच्या ओळींवर लाल.

साहस म्हणतात ते हेच असेल तर शाळा काय वाईट, असं बोका पहिल्याच तासाला म्हणाला आणि दुसऱ्या तासाला कागदावर गाल टेकून झोपला. दोन दिवस रेघा चालल्या. लाल ओळी आल्या त्या सगळ्या रात्रपाळीच्या परिचारिकांच्या निघाल्या. डोळे चुरचुरू लागले.

गुरुवारी सकाळी चष्मा कंटाळून हिरव्या ओळी मोठ्याने वाचत बसला होता. भांडार-एक, एक चाळीस. भांडार-एक, एक चाळीस. रोज तेच.

बोक्याने मान वर केली. "तेव्हा औषधखिडकी बंद असते. भांडारपालकाका मागच्या खोलीत डबा खातात."

"तुला बरं माहीत! डब्याचा वास आला की तू हजर," चष्मा म्हणाला. पण ताईने पेन्सिल खाली ठेवली होती.

त्या दुपारी तिघं खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसली. एक वाजता काका डबा घेऊन मागे गेले. आत कॉम्प्युटरचा पडदा काळा, खुर्ची रिकामी. बरोबर एक चाळीसला आईने वरून फोन केला : भांडार-एक आत्ता उघडलंय. खुर्ची अजून रिकामीच होती.

ते खातं आजोबांचं होतं. ते निवृत्त झाल्यावर बंद व्हायला हवं होतं, पण सगळा दवाखाना हळहळला. म्हाताऱ्याची आठवण आहे, राहू द्या म्हणाला. नवे भांडारपालही त्यावरच काम करत, कारण जुन्या खात्याला सगळी कपाटं उघडत, थेट रुग्णांच्या कागदांपर्यंत. पासवर्डही तोच. खातं रोजच्या वापरातलं, म्हणून कुणालाच संशय आला नाही.

काकांनी खातं सोडायला साफ नकार दिला. नवं खातं म्हणजे नवी कटकट, पुरे झालं हे पोरांचं शहाणपण, म्हणाले. मग ताईने आईच्या कानात एक युक्ती सांगितली. शुक्रवारी काका जेवायला गेले तेवढ्यात आईने त्यांचं सगळं काम नव्या खात्यात हलवलं आणि भांडार-एकच्या मागे रिकामी कपाटं उभी केली. एक चाळीसला चोर आला. बारा मिनिटं रिकाम्या घरात चाचपडत राहिला. तोवर तो कुठून येतो ते आईने टिपून घेतलं, पोलिसांना कळवलं आणि दार बंद केलं. काका ढेकर देत परतले, त्यांना काही कळलंही नाही.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी मुलांना खोलीत बोलावून पाठ थोपटली. जे मोठ्यांच्या नजरेतून सुटलं ते तुम्ही पाहिलंत, म्हणाले. मग खुर्चीत टेकत त्यांनी उरलेला प्रश्न विचारला. एवढा लांबलचक पासवर्ड अंदाजाने सापडत नाही. बाहेर दिला कुणी?

भांडारपालकाकांनी शपथा घेतल्या. आई थकून उभी राहिली. खातं बंद करणं तिचं काम होतं. बाबांचं नाव खोडायला हात धजला नाही. दोष तिच्याच नावावर लिहावा, असं ती म्हणाली.

दाराशी आजोबा उभे होते. सकाळी ताईने त्यांना सांगितलं होतं, आज आईचा निकाल आहे. केव्हा आले, कुणालाच कळलं नव्हतं. ते चौकटीला धरून आत आले. घसा अजिबात बसलेला नव्हता.

"तिच्या नावावर लिहू नका," ते म्हणाले. "फोन मला आला होता. मुख्य कचेरीतून बोलतोय म्हणाला. काका, तुमच्याइतकं भांडार कुणाला ठाऊक नाही, थोडी मदत करा. दोन वर्षांत मला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं, पोरी. मी सांगितला पासवर्ड. त्याने नीट लिहून घ्यावा म्हणून दोनदा सांगितला."