रोजची आजी

वडीलधाऱ्यांची माया ही साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. मायेला समोर जिवंत माणूस लागते. जे घर हे विसरते, त्या घरात आजीची रिकामी जागा कोण येऊन बळकावील, हे सांगता येत नाही.

पुढचा प्रसंग माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीवर गुदरलेला आहे. त्यात पदरचा एक शब्दही मी घातलेला नाही. विश्वास ठेवणे वाचकांच्या स्वाधीन.

आणि हो, तिच्यासाठी ती रात्र नव्हती... भर दुपार होती.

ताईने सारी हयात शिवणकारखान्यात कापड बेतण्यात घालवली. मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला. सून रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका. नात पाच वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत. इकडे दुपार कलली की तिकडे ठकीची निजायची वेळ होई. तेव्हा फोन लागे आणि ताई पडद्यावरून तिला गोष्ट सांगे. ठकी पडलेला दात दाखवी. पांघरुणाचे टोक पडद्याला लावून "आजी, तूपण घे" म्हणे. त्या अर्ध्या तासावर ताईचा उरलेला दिवस तरून जाई.

मग फोन विरळ झाले. "कामाची गडबड आहे गं आई, रविवारी करतो." पुढे रविवारही बुडू लागले. तरी ताई दुपारी खुर्ची खिडकीशी ओढून बसे आणि तो मुका फोन हातात धरून मुलाला मोठ्याने लाखोली वाही.

ऐकायला घरात कोणीच नसे.

निदान आम्ही तसे समजत होतो...

एका रविवारी अखेर फोन आला. बाहेर लख्ख ऊन होते. ठकी अंथरुणात होती. तिने ताईकडे निरखून पाहिले आणि तोंड फिरवले.

"बाबा, ही नको. रोजची आजी लाव."

"रोजची कोण रे?" ताईने विचारले.

मुलगा चाचरला. खोदून विचारल्यावर बोलला. गेल्या वर्षी त्याने ताईची एक गोष्ट टॅबवर चित्रित करून ठेवली होती. ठकीने हुंकार द्यावा म्हणून ताई मध्येमध्ये थांबली होती, त्या जागाही तशाच होत्या. आता तीच गोष्ट तो रोज लावून देई. पोर हुंकार देत झोपी जाई.

"तुलाही त्रास नको म्हणून, आई. तू बोलतेस, ती ऐकते. दोघींचं छान चाललंय."

"दोघींचं? माझं कुठे काय चाललंय? मी इथे भिंतींशी बोलते, आणि तू मला बरणीत भरून फडताळात ठेवलंस. हवं तेव्हा काढायला मी काय लोणचं आहे? मेलेल्या माणसांचं असं करतात. मेले का रे मी?"

"एवढं काय त्यात, आई..."

"तुझी पोर मला परकी समजते. आणि एवढं काय त्यात?"

तेवढ्यात ठकी शांतपणे म्हणाली, "रोजची आजी मला सगळं सांगते. तू खिडकीशी बसतेस आणि फोनला 'मेल्या, कृतघ्ना' म्हणतेस."



शब्द ताईचेच होते. अक्षरशः.

"काहीतरीच हं, ठके," मुलगा उसने हसत म्हणाला. "एकच तर गोष्ट आहे त्यात."

"लाव," ताई म्हणाली. "माझ्यासमोर लाव."

त्याने टॅब फोनपुढे धरला. ताईने स्वतःला पाहिले. तीच खोली, तीच खुर्ची, तीच गोष्ट. मग हुंकाराची जागा आली. चित्रातली ताई थांबली.

थांबूनच राहिली...

तिच्या अंगात करडा स्वेटर होता. तो ताईने आदल्याच दिवशी विणून पुरा केला होता. आत्ता तो तिच्या स्वतःच्या अंगावर होता.

चित्र मात्र गेल्या वर्षीचे होते.

मग त्या बाईने मान वळवली. ठकीकडे नव्हे... थेट ताईकडे.

"ठकू, ती म्हातारी गेली का गं?"

दुसऱ्या कोणाची बोबडी वळली असती. ताईचे मस्तक फिरले. त्या संतापात भीतीला उभे राहायलाही जागा उरली नाही.

"गेले नाही. ही इथे बसलेय. माझ्या नातीच्या उशाशी बसायला तुला कोणी सांगितलं?"



चित्रातल्या बाईने हात उचलला... आणि मुलाकडे बोट दाखवले.

मुलाने ते चित्रण पुसून टाकले.  मग म्हणाला, "आई, आम्ही येतो."

आणि खरोखरच आले. दारात ठकी थबकली. ताईने जमिनीवर बसून हात पसरले. पोर हळूहळू जवळ आली, तिने ताईच्या मानेशी नाक नेले आणि हुंगले.

"तुला वास आहे," ती म्हणाली. "तिला नव्हता." आणि घट्ट बिलगली.

ताईने मुलाला पोटभर वाढले, पण ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ठकीचे केस विंचरीत होती.

"आजी, मग ती आता कोणाला गोष्ट सांगते?"

ताईचा हात थांबला. या प्रश्नाला तिने आजवर उत्तर दिलेले नाही. मलाही ते ठाऊक नाही, आणि दुपार कलली की तो प्रश्न मला छळतो.

ठकीला निर्धास्त झोप लाभो. तिच्या बापाची सुबुद्धी टिको. ताईचा राग शमेल इतके आयुष्य तिला मिळो. आणि जी कोणी त्या उशाशी एकही दिवस न चुकता बसली, तिलाही कुठेतरी विसावा मिळो.