दुपारचं बोलणं

पुस्तकबांधणीच्या खोलीचं दार तिनं उघडलं, तर समोर श्रवणकेंद्रातला तंत्रज्ञ उभा. वर्षापूर्वी शस्त्रक्रिया करून तिच्या कानात ऐकू येण्यासाठीचं रोपण बसवलं, तेव्हापासून आवाज जुळवून देणारा तोच.

"रोज चौदा तास यंत्र लावायचात," तो सावकाश म्हणाला. "गेला आठवडाभर ॲपवर दिवसाला चारच तास दिसतायत. अशानं कमावलेले शब्दही हातचे जातील."

तिनं फोन पुढे केला. दिवसभरात कानावर काय पडलं, तेही ॲप मोजायचं — शांतता, गोंगाट, बोलणं. आणि त्याआधीच्या आठवड्यात रोज दुपारी तीन ते पाच बोलण्याची नोंद होती. त्या वेळी ती इथे एकटीच खळ लावत, पानं शिवत बसलेली असायची. भावाला सांगितलं, तर त्यानं तिलाच वेड्यात काढलं. शेवटी इथे आलं की ती यंत्र काढून ठेवू लागली.

बिघाड असेल म्हणून त्यानं कानावरचं यंत्रच बदललं. केस अलगद बाजूला सारून कानामागे यंत्राची चुंबकी चकती चिकटवताना त्याची बोटं किंचित अडखळली... तीन वाजले. खिडक्या लावून दोघं ओठ मिटून बसले.

बोलणं: एक मिनिट. दोन. सात.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात कानाकडे गेला, तो त्यानं मधेच धरला.

"काढू नका. ऐका."

तिनं डोळे मिटले. नुसती खरखर... आणि त्या खरखरीत, अगदी कानाशी, एका म्हाताऱ्या बाईचा संथ आवाज.

हा थांबेल. ह्याला ठेवून घे.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. काय ऐकलंत, असं त्यानं दोनदा विचारलं. तिनं 'काही नाही' म्हणून मान हलवली. गाल मात्र तापले.

"माझी तर पाचावर धारण बसलीय," तो म्हणाला. "पण तुम्हाला इथे एकटं सोडून जायची भीती जास्त वाटते." मग नजर चुकवून — "मला केंद्रानं पाठवलेलं नाही. तुमचा आलेख रोज मीच उघडून बघतो... कामापेक्षा जास्तच."

"किती जास्त?"

"ते नाही मोजलं."

तिला हसू फुटलं. पानांचा गठ्ठा सरकवून तिनं शेजारी जागा केली.

"बस ना तू."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिचं तिलाही कळलं नाही. फोनवर मिनिटं वाढतच होती. त्यातली त्या दोघांची कुठली अन् तिसरीची कुठली, हे आता ॲपला सांगता येणार नव्हतं.