सिस्टर म्हणू नका

“सिस्टर, जरा सरकता का? तुमची सावली काट्यावर पडतेय.”

बाळांच्या वजनकाट्यापुढे गुडघे टेकून बसलेल्या दुरुस्तीवाल्याने ओठांत दोन स्क्रू धरले होते. त्यामुळे शब्द बोबडे निघत होते. तिला हसू आले. ती सरकली... पण फार नाही.

ती सिस्टर नव्हतीच. बाळांच्या दूध-पावडरीच्या एका बड्या परदेशी कंपनीने तिला पांढरा कोट दिला होता, दवाखान्यांतून नव्या आयांना फुकट डबे वाटण्यासाठी. “कोणी सिस्टर म्हटलं, तर म्हणू द्या,” असे साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. तीन महिने तिने म्हणू दिले. आज मात्र, या माणसाने आपल्याला सिस्टर म्हणावे, हे तिला मुळीच रुचेना.

“रोज स्क्रूच खाता का हो?”

“छे, सिस्टर! घरून डबा आला नाही, तरच.”

“पुन्हा सिस्टर?”

“मग काय, मावशी म्हणू?”

हसत हसतच त्याने तीन किलोचे पितळी वजन पारड्यात ठेवले. काटा दोन किलो आठशेवर थांबला. त्याचे हसू मावळले. “दोनशे ग्रॅम कमी दाखवतोय हा. सकाळपासून कोणाचं वजन केलंत?”

तिने वळून पाहिले. समोरच्या बाकावर बारा दिवसांचे बाळ घेऊन एक आई बसली होती. जन्मताना तीन किलो असलेले बाळ आज दोन किलो नऊशे भरले, म्हणून ती रडवेली झाली होती. आणि “दूध पुरत नसेल, ताई,” असे म्हणत तिच्या हातात डबा ठेवणारी ही स्वतःच होती.

त्याने स्प्रिंग सारखी केली. पितळी वजन पुन्हा ठेवले — बरोब्बर तीन.

“ताई... बाळाला पुन्हा आणता?” तिने त्या आईला विचारले.

तीन किलो शंभर!

“म्हणजे माझं दूध पुरतंय, सिस्टर?”

“छान पुरतंय. तो डबा द्या परत. आणि ताई, मी सिस्टर नाही. कंपनीचे डबे वाटणारी आहे... होते.”

“अगं बाई! आणि मी डोळे झाकून ऐकलं की तुझं!” असे म्हणत आईने डबा तिच्या हातात कोंबला, बाळाचा पापा घेतला आणि डोळे पुसत हसली.

तिने कोट काढला, नीट घडी घालून डब्यांच्या खोक्यावर ठेवला. दुरुस्तीवाला पाहतच राहिला.

“सिस्टर नाही? नक्की?”

“नाही. आणि आता नोकरीही नाही. हसताय काय?”

“नोकरीचं वाईट वाटलं हो... पण सिस्टर नाही, हे फार बरं झालं!”

तिने चेहरा वळवला. कान मात्र लाल झाले. त्याने काट्यावर ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवली. “आता सहा महिने बघायला नको. पण... उद्या आलो, तर भेटाल?”

“उद्या मी इथे कशाला असेन? आत्ता चला. चहा पाजा.”

त्याच्या हातातली एक चिठ्ठी काढून तिने ती त्याच्या खिशावर चिकटवली.

“एवढ्यात तपासून झालं?”

“छे! सहा महिने तरी लागतील,” ती म्हणाली. “चहापासून सुरुवात करू.”