मौनाची घंटा

सकाळी घंटा वाजली नाही तेव्हा सगळ्यांना वाटलं, दोरी तुटली असेल. मनोऱ्यात चढून पाहिलं तर दोरी धडधाकट होती. घंटेच्या पोटातला लोखंडी लोळाच गायब होता.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा उपमुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या. चोर त्यांच्याकडे तयार होता. नववीतली एक मुलगी. कुठेही सरसर चढते म्हणून सगळे तिला खारूताई म्हणायचे. तिला आजच्या घंटेपासून 'मौन' लागणार होतं. या जुन्या निवासी शाळेची ही खास शिक्षा : या सोमवारच्या घंटेपासून पुढच्या सोमवारच्या घंटेपर्यंत त्या मुलाशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही. घंटाच नाही, तर शिक्षा सुरू कशी होणार? दुपारी विश्वस्त येतील आणि तिला शाळेतून काढतील. तोवर फौजदारबाईंनी कबुली तेवढी घ्यावी.

"निकाल लागलाय, तर मला कशाला बोलावलंत?" फौजदारबाई म्हणाल्या. "मनोऱ्याला कुलूप होतं?"

"इथे कशालाच कुलूप नसतं. विश्वास ही आमची परंपरा आहे."

फौजदारबाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला. कुलूप नाही, म्हणजे सगळेच संशयित.

खारूताई वसतिगृहाच्या कॉटवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. बाकीच्या मुली खोलीच्या दुसऱ्या टोकाला. प्रयोगशाळेतली दुर्बीण कुणी फोडली ते हिला ठाऊक होतं, पण नाव सांगेना, हा हिचा गुन्हा. चुगली करू नये हे इथंच शिकवायचं आणि केली नाही म्हणून शिक्षाही इथंच द्यायची, हे गणित फौजदारबाईंच्या डोक्यात शिरेना. त्यांनी गोडीत विचारलं, दरडावून विचारलं. मुलीने मान हलवून नाही म्हटलं, तेवढंच. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

सुतारशाळेत तरी काही हाती लागेल म्हणून त्या तिकडे वळल्या. शाळेच्या संस्थापकांचं म्हणणं असं, की जे हाताला येतं तेच डोक्यात राहतं. म्हणून इथलं प्रत्येक मूल रंधा, करवत, पाना चालवायला शिकतं. भिंतीवर हत्यारांची फळी होती. प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, हत्यार त्याच आकृतीवर टांगायचं. लोळा सापडला का, असं विचारून सुतारकामाचे सर कुरकुरू लागले. मोठा पाना सकाळी करवतीच्या जागी टांगलेला मिळाला, म्हणे.

"मुलांनी टांगला असेल."

"आमची मुलं झोपेतसुद्धा चुकायची नाहीत. ही फळी मी पंधरा वर्षांपूर्वी आल्यावर नव्याने मांडली, तेव्हापासून एकदाही असं झालं नाही."

लोळ्याचा गंजका नट याच पान्याने सुटला होता, हे पान्याच्या जबड्यातला तांबडा भुगा सांगत होता. पण पाना कुणीही घेऊ शकत होतं. फौजदारबाई आणखी वैतागल्या.

मुख्याध्यापकांनी चहा मागवला. मृदू बोलणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. ती मुलगी तसलं काही करणार नाही, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत राहिले.

"कशावरून?"

"मी पाचवीत इथे आलो, तेव्हापासून हेच माझं घर. मुलं कळतात मला."

"तुम्हाला कधी मौन लागलं होतं?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. "त्याने माणूस घडतो, असं म्हणतात," ते म्हणाले. मग चहा गार होतोय, याची त्यांना आठवण झाली.

फौजदारबाई तणतणत बाहेर पडल्या. विश्वस्तांच्या गाड्या फाटकात शिरत होत्या. व्हरांड्यात जुने फोटो ओळीने लावलेले होते. एका फोटोपाशी त्या थबकल्या. जुनी सुतारशाळा, मागे जुनी फळी. मग त्या आल्या पावली परत फिरल्या आणि उपमुख्याध्यापिकांना आणि खारूताईला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून घेतलं.

"लोळा या मुलीने काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "आजच्या कुठल्याच मुलाने नाही. पाना ज्याने परत टांगला, त्याचा हात सवयीने करवतीच्या जागी गेला. जुन्या फळीवर तीच पान्याची जागा होती. बाहेर फोटोत दिसते. सुतारकामाचे सर नवी फळी मांडणारे. बाई, तुम्ही?"

"मी दुसऱ्या शाळेतून आले," उपमुख्याध्यापिका म्हणाल्या.

"म्हणजे जुन्या फळीवर हात बसलेला इथे एकच माणूस उरतो. आणि सर, सकाळपासून जो भेटला त्याने मला विचारलं, लोळा सापडला का? तुम्ही नाही विचारलंत."

मुख्याध्यापक उठले, शेजारच्या आपल्या राहत्या खोलीत गेले आणि घोंगडीत गुंडाळलेलं जड गाठोडं छातीशी धरून घेऊन आले.

सहावीत त्यांना मौन लागलं होतं. त्या आठवड्यात ते भिंतीवरच्या पालीशी बोलायचे. ही शिक्षा बंद करा म्हणून विश्वस्तांपुढे त्यांनी किती वेळा विषय काढला, आणि प्रत्येक वेळी परंपरा म्हणून तो बाजूला पडला. घंटाच वाजली नाही तर निदान हे मूल वाचेल, असं त्यांना वाटलं. पुढे पोलीस येतील, आळ मुलीवरच येईल, हे ध्यानातच आलं नाही.

"मी आल्यावर तरी बोलायचं," फौजदारबाईंचा आवाज चढला. "सकाळपासून ही पोर चोर ठरलीय. तुम्ही मला चहा पाजत होता."

"धीर झाला नाही," ते म्हणाले.

उपमुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या. मुख्याध्यापक मुलीकडे वळले. चूक माझी, विश्वस्तांना आत्ताच सांगतो, तुला शाळेतून कुणी काढणार नाही, असं ते एका दमात म्हणाले. "आणि मौन तर सुरूच झालं नाही, बाळा. घंटा वाजलीच नाही."

खारूताईने फौजदारबाईंकडे पाहिलं. कितीतरी वेळ न वापरलेला तिचा आवाज घोगरा झाला होता.

"झालं ना सुरू," ती म्हणाली. "सकाळपासून तुमच्याशिवाय कुणीच बोललं नाही माझ्याशी. बाकीच्यांनी घंटेची वाट नाही पाहिली."